गळक्या होडीच्या आठ काचा

३ जून १९६८, सोमवार, सकाळी साडेनऊ. मंजूर रक्कम रुपये पंच्याऐंशी. काम, धरणावरच्या शिडाच्या होडीच्या आठ काचांची गळती थांबवणे. हजर चौघे: नवे कार्यकारी अभियंता, होडीचा खलाशी, गावातला सुतार आणि मी, धरणाच्या कोठाराचा कारकून.

बुलढाणा जिल्ह्यात शिडाची होडी कुठून आली, हे आधी सांगायला हवे. देऊळघाटकडच्या रस्त्याने पुढे गेले की आमचे मातीचे धरण लागते. १९६३ साली त्यात पहिल्यांदा पाणी अडले. तेव्हाच्या साहेबांना जलाशयाची खोली आणि गाळ मोजायला होडी हवी होती, आणि मनातून शिडाची हौसही होती. त्यांनी मुंबईहून लिलावात एक जुनी होडी घेतली. बावीस फूट लांब, सहा फूट रुंद, मधोमध माणूस वाकून बसेल एवढी लाकडी खोली, आणि खोलीच्या दोन्ही अंगांना चार चार काचा. या काचा उघडत नाहीत. लाकडी चौकटीत कायमच्या बसवलेल्या असतात. मलकापूरपर्यंत ती रेल्वेने आली आणि तिथून मालमोटारीवर राजूरचा घाट चढून आली. घाटात लोक म्हशी सोडून रस्त्यावर पळत आले होते. एका म्हाताऱ्याने ड्रायव्हरला विचारले, "हे घर उलटं काऊन नेऊन राह्यले बाप्पा?"

होडीबरोबर खलाशी आला. रत्नागिरीकडचा, पन्नाशीच्या पुढचा, बोलायला थोडा. रोजंदारीवर, दिवसाला दोन रुपये पंच्याहत्तर पैसे. आमच्याकडे नियम असा होता की सलग पाच वर्षे रोजंदारी भरली की माणूस कायम होतो. त्याची पाच वर्षे ११ ऑगस्ट १९६८ ला भरणार होती. म्हणजे त्या सोमवारी दोन महिने आठ दिवस उरले होते. हजेरीपट मीच ठेवत असल्यामुळे ही तारीख मला पाठ होती. त्यालाही असणार, पण तो कधी बोलला नाही.

नव्या साहेबांनी त्या सकाळी होडीच्या खोलीत डोके घालून पाहिले, बोटाने एका काचेखालचे लाकूड दाबले आणि सरळ सांगितले, "मागच्या ऑक्टोबरात तीन आठवड्यांची पाण्याच्या खोलीची मापं भिजून गेली. होडी जुनी आहे, सडली असेल तर सडली. पंच्याऐंशी रुपये देतो. पंधरा तारखेला मी स्वतः आत बसून पाहीन. गळली तर निर्लेखन, होडी दप्तरातून कमी. लाकूड सरपणाच्या भावानं काढून टाका."

"आणि खलाशी, साहेब?" मी विचारले.

"होडी नाही तर खलाशी कशाला?"

साहेब वाईट नव्हते. त्या भिजलेल्या वह्या मीच उन्हात वाळवल्या होत्या. शाई उतरून आकड्यांचे नुसते निळे डाग राहिले होते. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. खलाशी तेव्हा होडीच्या टोकाशी दोर गुंडाळत होता. त्याने गुंडाळी पुरी केली, सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

पाच वर्षे त्या होडीत मापांच्या वह्या घेऊन मी बसत आलो होतो. पहिल्या दिवशी जे वाटले ते तेव्हाही वाटायचे. आमच्या भागात जे चालते ते आवाज करत चालते. बैलगाडी, एसटी, मोट, रहाट. ही होडी शीड भरले की आवाज न करता निघायची. काठ मागे सरकताना दिसायचा आणि तो कोणी सरकवला ते कळायचे नाही. मी हिशेबाचा माणूस, काहीतरी खर्च झाल्याशिवाय काही मिळत नाही असे मानणारा. वाऱ्याचे बिल कधी आले नाही. खलाशी सुकाणूवर एक हात ठेवून बसायचा आणि कुठून वारा येणार ते त्याला आमच्यापेक्षा आधी कळायचे.

सुतार चांगला होता. आमच्या वसाहतीतल्या बहुतेक खिडक्या त्याच्या हातच्या. होडी काठावर ओढून घेतली, लाकडी ओंडके लावून सरळ उभी केली. सुतार कामाला लागला तसा खलाशी शेजारी येऊन बसला.

"जरा सैल ठेव, दादा," तो म्हणाला. "आवळू नको."

"सैल ठेवू तं गयन नाही काय?" सुतार हसला. "घराच्या हजार खिडक्या बसवल्या म्या. एक गयत नाही. तुमच्या समुद्रात काचा असते काय हो?"

"नसतात. आमच्या होड्यांना काचा नाय. पण आमच्याकडं सुतार होडीत बसून काम बघतो, काठावर उभा राहून नाय."

"पैले काठावर तं टिकू द्या तिले!"

सुताराने खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून लांबी, म्हणजे काचा बसवायचा लगदा, केली. जवस आमच्याकडे पिकतो, तेल घाण्याचे ताजे होते. त्याने जुनी लांबी खरवडून काढली, काचांच्या भोवती आतून बाहेरून नवी लांबी दाबली, वर लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि पितळी स्क्रू पिळले. एका चौकटीला बारा, आठ चौकटींना शहाण्णव. स्क्रू असे पिळले की लांबी चारी बाजूंनी बाहेर आली. ती त्याने चाकूने कापून गोळा केली आणि मला दाखवली. "पाहा बाबूजी, किती उरली. पैसा वाचवला तुमचा." मला बरे वाटले. काम नीटनेटके दिसत होते. मजुरी आणि सामान मिळून छप्पन्न रुपये सत्तर पैसे झाले.

रविवारी लांबी वाळू दिली. १० जूनला सकाळी आम्ही खोलीच्या टपावर बादलीने पाणी ओतले. मी आत घड्याळ घेऊन बसलो होतो. दुरुस्तीच्या आधी मी प्रत्येक काचेखालचे थेंब मोजून ठेवले होते. आठ काचांचे मिळून मिनिटाला चौऱ्याहत्तर. आता एक्क्याण्णव झाले. एकट्या तिसऱ्या काचेखाली आधी बावीस होते, ते एकतीस.

मी आकडे वाचून दाखवले. सुतार म्हणाला, "तुमचं मोजनं चुकलं असन."

"तुम्ही मोजा."

त्याने आत येऊन मोजले. त्याचे तेहतीस आले. तो बाहेर जाऊन हत्यारांच्या पेटीवर बसला आणि त्याने बिडी पेटवली, पण ओढली नाही. खलाशाने एक फडके घेतले आणि होडीतले पाणी पुसायला सुरुवात केली. जी होडी पाच दिवसांनी मोडायची, तिचा कानाकोपरा तो पुसत होता. मला तिथे उभे राहवेना. मी कोठाराकडे आलो.

आमच्या कोठाराचे छप्पर म्हणजे धाबे. लाकडी तुळया, वर काटक्या, वर माती, आणि त्या मातीवर दरवर्षी मृगाच्या सुमारास पांढरी खारी माती पसरतात. ती पाणी आत येऊ देत नाही. हे काम करायला देऊळघाटची एक म्हातारी येत असे. धाब्यावर खारी टाकण्यात तिचा हात धरणारे तालुक्यात कोणी नव्हते. त्या दिवशी ती वर बसून माती चोपत होती. मला पाहून तिने वरूनच विचारले, "काऊन बाबूजी, तोंड असं काऊन झालं?"

मी सांगितले. जुनी लांबी काढली, काचांना चारी बाजूंनी नवी भरली, तरी जास्तच गळते.

"गयते तिथंच बुजवलं काय?"

"मग कुठे बुजवणार?"

ती हसली. "पंधरा वर्सं झाली बाबूजी तुमाले नोकरीले. पानी चालते. जिथं गयते तिथं भोक नसते. चाला, दाखवा मले तुमचा डोंगा."

तिने आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता. जवळ आल्यावर तिने पायातले काढले, होडीच्या लाकडाला हात लावून कपाळाला लावला, आणि आत वाकून बराच वेळ नुसते पाहत राहिली. सुतार म्हणाला, "काय पाह्यतं बुढे? हे काही धाबं नाही."

"धाबं उलटं केलं का डोंगाच होते की," ती म्हणाली. "अन् माणूस अन् धाबं दोन्ही वरून कोरडे दिसते बाप्पा. आत काय होऊन राह्यलं ते जेठात पानी पडलं का समजते."

तिने खलाशाला विचारले, वरचे लाकूड निघते का. खोलीच्या छताला आतून पातळ फळ्यांची तक्तपोशी होती. खलाशाने तिच्या सांगण्याप्रमाणे सगळ्या फळ्या काढल्या. त्याला दीड तास लागला. वर टपाच्या तुळया उघड्या झाल्या. मग तिने आतले सगळे पाणी पुसायला लावले आणि होडी दुपारच्या उन्हात तशीच ठेवली. आम्ही जेवून आलो. तोवर आतले लाकूड कोरडे ठणठणीत झाले होते.

आता तिने कोठारातून चाळणी मागवली, वाळलेली खारी माती दोनदा चाळली, आणि एका जुन्या धोतराच्या तुकड्यात तिची पुरचुंडी बांधली. ती पुरचुंडी तिने तुळयांवर, टपाच्या खालच्या अंगावर, खिडक्यांच्या वर, सगळीकडे हलकी हलकी आपटली. बारीक पांढरी पूड लाकडाला धरली. अर्ध्या तासात ती खोली आतून चुना दिल्यासारखी झाली, आणि तिचे केस, भुवया आणि माझी वहीसुद्धा.

"आता पानी," ती म्हणाली. "पन बादलीनं नाही. लोट्यानं. अन् खालून वर."

"खालून वर?" सुताराने विचारले.

"वरून एकदम ओतलं का सारंच वलं होते. मंग कोनाले इचारता, तू कुठून आलं म्हून?"

खलाशी बाहेर लोटा घेऊन उभा राहिला. आधी फक्त काचांच्या खालच्या कडेवर धार. मग थांबायचे. ती शंभर मोजायला सांगायची, मी मोजायचो. मग बाजूच्या कडा. पुन्हा शंभर. मग वरची कड. प्रत्येक काच वेगळी. आठ काचा, तीन कडा, चोवीस वेळा शंभर. आत आम्ही तिघे मांडी घालून माना वर करून बसलो होतो. तिसऱ्या आणि सहाव्या काचेच्या कोपऱ्यात पांढऱ्या पुडीवर काळसर ठिपका उमटला. बाकी सहा काचांवर काही नाही. एक कण काळा झाला नाही.

"या साहा काचा गयतच नाही," म्हातारी म्हणाली.

सुताराने माझ्याकडे पाहिले. मी वहीत पाहिले. सकाळी याच सहा काचांखाली मी त्रेपन्न थेंब मोजले होते.

"आता टपावर," ती म्हणाली. "मांगून पुढं. एक एक वीत."

खलाशी मागून सुरुवात करून टपावर वितीवितीने लोटे ओतू लागला. बाहेर पाणी वाहून जाण्याचा आवाज आणि माझे मोजणे, एवढेच. डोलकाठीच्या अलीकडे तो आला, शंभर झाले, आणि माझ्या डोक्यावरच्या तुळईजवळ पांढऱ्यावर मोहरीएवढा एक काळा ठिपका आला.

तो वाढला. मग तो चालू लागला.

हे मला आजही नीट लिहिता येत नाही. तो ठिपका टपकला नाही. तुळईच्या कडेने तो एक बारीक काळी रेघ ओढत निघाला, हळू, मुंगीच्या चालीने. एके ठिकाणी लाकडाच्या गाठीपाशी थांबला, जणू कुठे वळावे याचा विचार करत होता, आणि मग गाठीला वळसा घालून पुढे गेला. त्याच्या मागून दुसरी रेघ आली आणि पहिलीला मिळाली. नंतर तिसरी. पांढऱ्या छतावर एक झाड उलटे उगवावे तशा त्या रेघा खोडाकडे येत होत्या. तुळईच्या टोकाला पोचून ती मोठी रेघ खिडकीच्या चौकटीवर उतरली, चौकटीच्या वरच्या कडेवर फिरली, आणि तिथून काचेखाली टप्प करून पडली. ज्या जागी ते पाणी आत आले तिथपासून ज्या जागी पडले तिथपर्यंत मी नंतर टेप लावला. पाच फूट दोन इंच.

पाच वर्षे हे आमच्या डोक्यावर, फळ्यांमागे, दर पावसात असेच चालत होते आणि आम्ही काचांना दोष देत होतो. मी पाणी आयुष्यभर पाहिले आहे, धरणावर नोकरी केली आहे, पाण्याचे घनफूट लिहिले आहेत. पण पाणी आपली वाट शोधताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. माझे मोजणे केव्हाच थांबले होते. सुताराने काढलेली बिडी न पेटवताच हातात राहिली होती. बाहेरून खलाशी विचारत होता, "ओतू का? ओतू का अजून?" आणि आम्हा तिघांच्या माना तशाच वर होत्या.

"राहू दे," शेवटी म्हातारी म्हणाली. "आलं ते दर्शनाले."

आम्ही टपावर चढलो. टपावर किंतानासारखे जाड कापड ताणून त्यावर रंग दिलेला होता. ज्या जागी पाणी आत शिरले तिथे खलाशाने नखाने रंग खरवडला. खाली एक गोल भोक. शेजारी दुसरे. पुढे एका ओळीत आणखी. त्याने सगळा टप बोटांनी चाचपला आणि मी खडूने खुणा केल्या. एक्केचाळीस भोके निघाली.

"खिळ्याची हायेत," सुतार म्हणाला. "दोन इंची."

कोणते खिळे ते मला तत्क्षणी कळले. धरण भरले की आमच्याकडे दरवर्षी जलपूजन होते. साहेब लोक, त्यांच्या बायका, पुजारी होडीत बसून मधल्या पाण्यात जातात, साडीचोळी आणि नारळ सोडतात. उन्हासाठी होडीवर कनात हवी, शोभेसाठी आंब्याच्या पानांचे तोरण हवे. आमच्या लोकांनी घराच्या ओसरीला ठोकतात तसे टपावर खिळे ठोकले होते. नंतर ते उपटले होते आणि वरून रंग फासला होता. पाच वर्षे, दरवर्षी. खिळे अर्धा किलो, दोन इंची, जलपूजनासाठी: ही नोंद माझ्या हातची होती, सही माझी होती, आणि दुसऱ्या वर्षी कमी पडतील म्हणून पाव किलो जास्त दिल्याचेही मला आठवत होते.

"तू काही बोलला नाहीस?" मी खलाशाला विचारले.

"पहिल्या वर्षी बोललो होतो जुन्या साहेबांना. त्यांनी सांगितलं, देवाचं काम आहे." तो पुढचे भोक चाचपू लागला. "रोजंदारीचा माणूस दोनदा कसा बोलणार?"

त्यानंतरचे चार दिवस मी दुसरे कोणते काम केले नाही. भोकांचे काम खलाशाने केले. त्याने राळ कुटून जवसाच्या तेलात मंद आचेवर उकळली, त्यात कापसाची रुई मळली आणि एकेक भोक त्याने बुजवले. पुढच्या बाजूचे कापड बदलले. तिसरी आणि सहावी, या दोन काचा मात्र खऱ्याच गळत होत्या. त्या उघडल्यावर सुताराला स्वतःची चूक दिसली. स्क्रू इतके पिळले होते की लाकूड आणि काच यांच्यामध्ये लांबी उरलीच नव्हती; जी होती ती वाळून तडकली होती.

"घर जागचं हालत नाही बाबूजी," तो म्हणाला. "हा डोंगा तं जित्तं जनावर हाय. वाकते, ताठ होते."

म्हातारी टपाच्या सावलीत बसून पाहत होती. "धाब्यालेही आवयून ठोकलं का फाटते. त्याले उन्हायात फुगाले जागा द्या लागते."

मग तिघांनी मिळून ठरवले. खलाशाच्या राळ-तेल-रुईचा मऊ थर बोटभर जाड द्यायचा, त्यावर काच ठेवायची, चौकट बसवायची आणि स्क्रू नुसते टेकवायचे. दोन दिवसांनी पाव फेरा. बस. सुताराचा पहिला स्क्रू टेकला आणि त्याचा हात सवयीने पुढे फिरू लागला. खलाशाने त्याचे मनगट धरले. "इथंच थांब." सुतार थांबला. मला वाटते, त्या दिवशी त्याने सगळ्यात अवघड काम ते केले. बाकीच्या सहा काचांचे स्क्रूही त्याने थोडे सैल केले आणि त्यांच्या कडांना तोच मऊ थर भरला.

नंतर खलाशाने राखेने सगळ्या काचा घासल्या. पाच वर्षांचा रंग, गाळ आणि धूळ निघाली. मी आत बसलो होतो. एकेका चौकटीत एकेक करून जलाशय उजळत गेला.

१५ जून, शनिवार. साहेब अकराला आले. आभाळ भरलेले, वारा इतका की काठावरच्या बाभळी वाकल्या होत्या. खलाशाने विचारले, "साहेब, वारा जास्त आहे. जायचं?"

"म्हणूनच जायचं," साहेब म्हणाले.

त्यांनी आठ काचांखाली आठ कोरे कागद ठेवले आणि मला समोर बसायला सांगितले. सुतार आणि म्हातारी काठावर उभे राहिले. शीड चढले. होडीने एक धक्का घेतला आणि कलली.

वाऱ्यात ती इतकी कललेली मी कधी पाहिली नव्हती. उजवीकडच्या चार काचा पाण्यावर आल्या, मग पाण्याला लागल्या, मग पाण्याखाली गेल्या. काचेपलीकडे हिरवट पाणी उभे राहिले, आमच्या डोळ्यांच्या पातळीवर. त्यातून माती तरंगत जाताना दिसत होती, एक गवताची काडी दिसली. एवढे मोठे धरण, ज्याचे घनफूट मी दर महिन्याला लिहितो, ते सगळे त्या वीतभर काचेला टेकून उभे होते आणि आत येत नव्हते. एक राळेचा थर, थोडी रुई, आणि पाव फेऱ्यावर थांबलेला एक हात, एवढेच मध्ये होते. साहेबही काचेकडे पाहत होते. त्यांच्या हातातली पेन्सिल घरंगळून खाली गेली, ती त्यांनी उचलली नाही. मग होडी वळली, काचा पाण्यातून वर आल्या, पाणी ओघळून गेले आणि लांबवर डोंगर दिसला. असे बारा वेळा झाले. मी मोजले.

वीस मिनिटांनी काठावर आलो. साहेबांनी कागद एकेक करून उजेडात धरले. सात कोरे होते. तिसऱ्या काचेखालच्या कागदावर पंचवीस पैशांच्या नाण्याएवढा ओला डाग होता.

खलाशी होडीतच उभा होता, दोर हातात धरून. खाली उतरला नाही.

साहेबांनी डाग बोटाने पुसून पाहिला. "एवढं माझ्या बंगल्यातही गळतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कारण काय होतं? खरं लिहा."

मी अहवाल खिशात आणला होता. तो दिला. त्यात जलपूजन, एक्केचाळीस भोके, खिळ्यांच्या नोंदी आणि त्या कोणी दिल्या ते लिहिले होते. त्यांनी दोनदा वाचले.

"खिळे तुम्ही दिलेत?"

"हो साहेब. पाच वर्षं."

"नारळही होडीवरच फोडत असाल?"

"मागच्या कोपऱ्यात, साहेब. तिथं एक खळगा पडलाय."

ते पहिल्यांदा हसले. "यंदा मांडव काठावर घाला. आणि ही होडी राहू द्या." मग होडीकडे पाहून खलाशाला म्हणाले, "अरे, उतर आता!"

म्हातारीची मजुरी बायकांच्या दराने दिवसाला दोन रुपये होती. मी ती मिस्त्रीच्या दराने लावली, दोन दिवस पाच रुपयांनी, आणि मंजुरी मागितली. साहेबांनी विचारले, धाबे सारवणाऱ्या बाईला मिस्त्रीचा दर कसा? मी म्हणालो, गळती तिने शोधली. त्यांनी सही केली. दहा रुपये हातात घेऊन ती म्हणाली, "कोठाराचं धाबं आर्धं राह्यलं माह्यं. त्याचे येगळे पैसे लागन." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर बसून माती चोपत होती. सगळा खर्च धरून पंच्याऐंशीपैकी सहा रुपये पंचावन्न पैसे उरले, ते जमा केले.

११ ऑगस्टला पाच वर्षे भरली. २ सप्टेंबर १९६८, सोमवार, पगाराच्या दिवशी ऑगस्टचे अकरा दिवस रोजंदारीचे आणि वीस दिवस कायम पगाराचे, असे मिळून एक्क्याण्णव रुपये चौपन्न पैसे खलाशाला दिले. त्याने ते मोजले, एकदा पुन्हा मोजले, आणि सही केली.